वर्ष सरायच्या आधीचा पिवळा रंग

लोकांना वाटतं, माझा राग त्या पिवळ्या रंगावर आहे. रंगाने काय माझं घोडं मारलंय? राग माणसांवर आहे, आणि तो अजून गेलेला नाही.

मी गोव्यातल्या हरमलची. शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले आणि घराच्या मागच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायला लागले. गेल्या उन्हाळ्यात परदेशातल्या एका चर्चची मंडळी दोन आठवडे सेवा करायला आली, ती माझ्याकडेच उतरली. धर्माचं बोलायला आलो नाही, हाताने काम करायला आलो, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं आणि तो शब्द पाळलाही. दुभाष्याचं काम माझ्याकडे आलं. पदर खोचून मीही त्यांच्याबरोबर राबले. शाळेची पाण्याची टाकी घासली, मोडके बाक ठोकले. एवढ्या उन्हात ती पोरं घाम गाळत होती, ते खोटं कशाला म्हणू? तोवर सगळं छान चाललं होतं.

मग त्यांच्या डोक्यात आलं, एका गरीब बाईचं घर रंगवून द्यायचं. नजर पडली माझ्या शेजारच्या वैनीच्या घरावर. चुना काळवंडलेला, जनेलाची, म्हणजे खिडकीची, फळी निखळलेली. पण त्याला कारण होतं. गणपतीची चवथ झाली आणि वैनीचा नवरा गेला, त्याला वर्ष झालं नव्हतं. माणूस गेलेल्या घराला वर्ष सरेपर्यंत आमच्याकडे चुनासुद्धा लावत नाहीत. तिला दोन मुली, मुलगा नाही. दर महिन्याचं कार्य पलीकडच्या घरातले थोरले दीर करायचे. ते असल्या बाबतीत भारी कडक. त्यांचं काही बिनसलं तर वर्षश्राद्धाला कोण बसणार, या एका धास्तीत वैनी दिवस काढत होती. मुलींनी बसावं की, असं मी तिला सांगून पाहिलं. तिला ते पटेना.

मंडळींचा म्होरक्या आला, हातात रंगांचं कार्ड. वैनीने ते बघितलंसुद्धा नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "बाय, त्यांका सांग, वर्स सरूक नाय अजून. घराक रंग लावचो नाय."

मी शब्दाला शब्द सांगितलं, वर कारणही समजावलं. तो गोड हसला. येण्याआधी त्यांना म्हणे शिकवलं होतं, की इथली माणसं भिडस्त, चहालासुद्धा आधी नको म्हणतात. म्हणून पहिल्या नकाराला नकार धरायचा नाही. अरे बाबा, चहाचं नको वेगळं आणि हे वेगळं! तेही मी सांगितलं. त्याने मान डोलावली आणि माझे आभार मानले. मला वाटलं, विषय संपला.

दोन दिवसांनी मी मये गावी बहिणीकडे गेले. संध्याकाळी बसमधून उतरले तर वैनीचं घर हळदीसारखं पिवळंधमक. पोरं भिंतीपुढे उभी राहून फोटो काढत होती. वैनी आत जनेल लावून बसलेली. माझं डोकंच फिरलं.

त्यात कहर म्हणजे थोरले दीर, वैनीने मला मागाहून सांगितलं ते. समोरच्या माडाखाली उभे राहून त्यांनी सगळं रंगकाम डोळ्यांनी पाहिलं आणि त्या मंडळींना एका अक्षराने अडवलं नाही. तोंड दुखत होतं काय? ती मंडळी रंग लावून गेल्यावर मात्र दारात येऊन वैनीला सुनावलं, की भाऊ मेल्याचा तुला आनंद झालेला दिसतो, आता तुझ्या घरचं पाणी मला वर्ज्य.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाव घेऊन पोदेर आला, तोही त्या भिंतीकडे बघत थांबला. तो स्वतः क्रिस्तांव. वर्षाच्या आत रंग कोणी लावला, असं त्यानेच मला विचारलं; त्याची आई गेली तेव्हा त्यांनीही वर्षभर घराला हात लावला नव्हता. म्हणजे हे हिंदूंचं नि क्रिस्तांवांचं भांडण नव्हेच. पोदेराला दिसलं ते दोन आठवडे इथे राहून यांना दिसलं नाही.

त्याच संध्याकाळी त्यांचा निरोपाचा कार्यक्रम माझ्या घरापुढच्या सोप्यावर. गोल बसून एकेकाने सांगायचं, या सेवेतून मी काय शिकलो. एक म्हणाली, थोडक्यात सुखी राहायला शिकले. दुसऱ्याचे डोळे भरून आले. शेवटी म्होरक्याने मला विचारलं. मी म्हटलं, "तिने नाही म्हटलं होतं. मी ते तुम्हाला तुमच्या भाषेत सांगितलं होतं. आता तिच्या नवऱ्याचं श्राद्ध कोण करणार, ते तुम्ही सांगा."

त्याचा चेहरा उतरला, नाही असं नाही. पण तोडगा काय काढला? सकाळी निघण्याआधी वर पुन्हा पांढरा रंग देतो म्हणाला! मी तशीच उठून आत गेले.

ती मंडळी मोप्याच्या विमानतळाकडे गेली आणि मी नि वैनी पत्र्याचे तुकडे घेऊन भिंत खरवडायला लागलो. बोटं सोलली. पावसाने राहिलेलं थोडं नेलं. भिंत आधीपेक्षा भिकार झाली. दीर येता जाता बघायचे. श्राद्धाच्या दिवशी सकाळी ते आले, पाटावर बसले, सगळं विधीप्रमाणे केलं. कावळ्याने पिंडाला लगेच चोच लावली. वैनी पान वाढायला वळली तर हे वहाणा घालून चालते झाले.

मी त्यांच्या मागोमाग अंगणात गेले. "दादा, मेलेल्याची तक्रार नाही. तुमची कसली? त्या दिवशी माडाखाली उभं राहून तुम्हीच का नाही त्यांना अडवलंत?" ते खाली बघत निघून गेले.

दिवाळीनंतर म्होरक्याचा मेसेज आला. येत्या उन्हाळ्यात पुन्हा येतोय, त्या पिवळ्या घरापासूनच सुरुवात करू. मी लिहिलं, येऊ नका. उत्तर आलं, तुमचा नम्र स्वभाव आम्हाला आता ठाऊक आहे, लवकरच भेटू. खाली हात जोडल्याचं चित्र.

मी तणतणत वैनीकडे गेले आणि मोबाईलवरचं ते मोठ्याने वाचून दाखवलं. दीर त्यांच्या अंगणात माडाची झापं विणत होते. त्यांनी झाप बाजूला टाकली, दोन घरांमधल्या दगडी गडग्यापाशी आले आणि पुन्हा वाचायला लावलं. मग वैनीच्या सोप्यावर येऊन टेकले.

"येवंदेत," ते म्हणाले. "ह्या खेपेक मी हय बसतलंय. मी सांगतलंय."

वैनी आत गेली आणि चहा घेऊन आली. ते नको म्हणाले. तिने कप त्यांच्यापुढे ठेवला, आणि त्यांनी तो उचलला.