पगारी सासरे

शिवणकामात उद्याबाईंचा हात धरणारं गल्लीत कोणी नव्हतं. अडचण एवढीच, की कपडे कधी मिळतील असं विचारलं की त्या "उद्या" म्हणायच्या, आणि तो उद्या काही केल्या उजाडत नसे. नाव त्यावरूनच पडलं.

उपाय म्हणून त्यांनी पैसा ओतला. पायमशीनला मोटर बसवली. वाफेची इस्त्री आणली. महागाची कात्री घेतली. ती नवऱ्याने पहिल्याच दिवशी पुठ्ठ्याचं खोकं फोडायला वापरली. मशीन सुसाट धावू लागलं. कपड्यांचा ढीग होता तिथेच होता.

मग नणंद राहायला आली. पलंगावर पडून ती दिवसभर नुसतं बघत राहिली.

"वहिनी, मशीन नाही गं हळू. तू बसतेस कुठे? बेल वाजली की उठतेस. आलेली बाई बटणापासून सुरू होते ती जावेच्या दुखण्यावर थांबते. ती गेली की बाबा सुरू."

बाबा म्हणजे सासरे. उभी हयात तिकीटखिडकीवर गेली होती. निवृत्तीनंतर बोलायला माणूस मिळेना, म्हणून ते सुनेच्या मशीनशेजारी खुर्ची टाकून बसत.

उद्याबाईंनी दोन दिवस विचार केला आणि जेवताना विषय काढला.

"बाबा, नोकरी कराल?"

"कुठे?"

"आपल्याच दारात. गिऱ्हाईक बघायचं, कपडे घ्यायचे, द्यायचे."

बाबांनी चष्मा पुसला. "पगार?"

उद्याबाईंनी आकडा सांगितला. नवऱ्याचा घास हातातच राहिला.

"अगं, घरच्या माणसाला कुणी पगार देतं का?"

"फुकटच्या माणसाला काम सांगता येत नाही," उद्याबाई म्हणाल्या.

"बरोबर आहे तिचं," बाबा म्हणाले. "तू मध्ये बोलू नकोस, आमचं ठरतंय. सूनबाई, आठवड्याची सुट्टी?"

एक तारखेला बाबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून दारातल्या टेबलाशी बसले. जावेच्या दुखण्याला अखेर दर्दी श्रोता मिळाला. कपड्यांची तारीखही तेच देऊ लागले, तीही मनाने दोन दिवस वाढवून. आतलं दार बंद आणि मशीन चालू.

पुढच्या खेपेला नणंद आली तेव्हा बाबांनी तिलाही दारातच अडवलं.

"बाबा, मी तुमची मुलगी आहे!"

"ते खरं. काम काय आहे?"

त्या महिन्यात एके दिवशी उद्याबाईंचं सगळं काम ऊन उतरायच्या आत संपलं. चहाचा कप घेऊन त्या खिडकीत बसल्या, पण चैन पडेना. गॅस चालू राहिलाय की काय म्हणून दोनदा उठून बघून आल्या. हळूहळू सवय झाली. मग दुसरं मशीन आलं, हाताखाली एक बाई आली.

वर्षाच्या आत बाबांनी पगारवाढ मागितली. समोरच्या शिंप्याने जास्त पैशांवर बोलावलंय, म्हणाले. उद्याबाईंना ही थाप वाटली. त्यांनी गुपचूप चौकशी केली.

शिंप्याने खरोखरच बोलावलं होतं. पगार वाढला.