सहाव्या वळणावरची पाच मिनिटं

आमचे हे जहाजावर इंजिनियर. तीस वर्षं बोटींची इंजिनं सांभाळली, मग सिंगापुरात हार्बरफ्रंटच्या एका ऑफिसात खुर्ची मिळाली, आणि साठी उलटल्यावर ह्यांना वेड लागलं ते रिमोटच्या गाड्यांचं. पोरांच्या खेळण्यातल्या नव्हेत हं! हातभर लांब, बॅटरीवर पळणाऱ्या, आणि सरळ पट्ट्यावर सुटल्या की दिसतात ना दिसतात. बिशानच्या आमच्या फ्लॅटमध्ये देव्हाऱ्याशेजारी ह्यांचे टायर चिकटवून वाळत ठेवलेले असायचे. मी बोलले तर म्हणायचे, “देवाला चालतं, तुलाच चालत नाही.”

त्या शनिवारी सेंगकांगकडे मोठी स्पर्धा होती. पात्रता फेरी म्हणजे काय, ते मला इतक्या वर्षांत पाठ झालंय. दहाजणांच्या गटानं पाच-पाच मिनिटं गाडी पळवायची, अशा चार फेऱ्या. प्रत्येकाची सगळ्यात चांगली एक फेरी धरतात, आणि पहिले दहाजण मोठ्या फायनलला जातात. हे कधीच गेले नव्हते. कायम पंधरावे, नाहीतर अठरावे. त्या दिवशी तिसऱ्या फेरीत ह्यांची गाडी एकदाही उलटली नाही आणि माइकवर ह्यांचा नंबर आठवा म्हणून पुकारला. मी मंडपात एकटीच टाळ्या वाजवत होते.

गाडी चालवणारे उभे राहतात त्या उंच चौथऱ्यावरून हे खाली उतरले ते कठड्याला धरून. शर्ट पाठीला चिकटलेला. सिंगापुरात दुपारी दोनला कुणाचा चिकटत नाही? मी लक्षच दिलं नाही.

“अगं, मी जरा बसतो. माझ्या जागी तू उभी राहतेस का?”

आता हे उभं राहणं काय, ते सांगते. आपली फेरी झाली की पुढच्या गटाच्या वेळी आपण ट्रॅकवर एकेका वळणावर उभं राहायचं. कुणाची गाडी उलटली की धावत जाऊन सरळ करून द्यायची. त्याला मार्शल म्हणतात. स्वतःला जमत नसेल तर बदली माणूस द्यायचा. वळण रिकामं राहिलं तर आपली सगळ्यात चांगली फेरी रद्द! म्हणजे ह्यांचा आठवा नंबर गेलाच.

एरवी हे मला गाडीला बोट लावू द्यायचे नाहीत, आणि आज स्वतःहून विचारतायत. खरं तर तिथेच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण मला मेलीला अभिमानच वाटला. पंजाबी ड्रेसवर नारिंगी जाकीट चढवून ह्यांच्या सहाव्या वळणावर निघाले.

माइकवाला मुलगा म्हणाला, “आंटी, यू शुअर?”

“शुअर, शुअर.”

“ओके. नेव्हर टर्न युवर बॅक टू द कार्स, हां? व्हेरी डेंजरस लाह.”

गाड्या सुटल्या. मधमाश्यांचं पोळं फुटावं तसा आवाज. एक गाडी कडेच्या फळीवर आपटून माझ्या घोट्याजवळून उडत गेली. मी किंचाळून मागे सरले, तर समोरच्या वळणावरचा चिनी अंकल ओरडला, “आंटी! डोन्ट डान्स, लुक!”

तेवढ्यात माझ्याच पुढ्यात एक निळी गाडी उलटली. चौथऱ्यावरून गलका, “मार्शल! सिक्स! सिक्स!” धावले. उचलली तर चाकं हातात गरगर फिरतायत. घाबरून खाली ठेवली ती नेमकी उलट्या तोंडानं. ती समोरून येणाऱ्या गाडीवरच गेली. चौथऱ्यावरून कुणीतरी काय बोललं ते समजलं नाही, तेच बरं झालं.

अंकल हसायला लागला. हसता हसता त्यानं खिशातून पाव काढून तोंडात कोंबला. आणि तो पाव बघून माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

ह्यांनी सकाळपासून काय खाल्लंय?

काही नाही. त्या दिवशी संकष्टी. हे उपासबिपास न करणारे, पण मीच आदल्या दिवशी मागे लागले होते, “एवढी मोठी स्पर्धा आहे, एक संकष्टी करा की. गणपती बघून घेईल.” साबुदाण्याची खिचडी करून दिली होती, तर तुपकट हातानं रिमोट निसटेल म्हणून ह्यांनी डबा उघडलाच नव्हता. आणि ह्यांच्या डायबेटिसची, साखर उतरवायची गोळी? ती रोजच्यासारखी बिनसाखरेच्या चहाबरोबर मीच ह्यांच्या हातावर ठेवली होती.

मंडप माझ्या पाठीशी. वळायचं नाही. तरी मान वळवलीच. टेबलामागे ह्यांचे नुसते बूट दिसले, एक सरळ, एक आडवा पडलेला.

“अहो!” मी हाक मारली. त्या आवाजात कुठली ऐकू जायला?

घड्याळात अजून तीन मिनिटं होती. खोटं कशाला सांगू, मी लगेच धावले नाही. गाड्यांचे आणखी दोन फेरे तिथेच उभी राहिले. ह्यांनी वर्षभर त्या एका नंबरासाठी जीव टाकला होता, आणि मी गेले की तो गेला. मनात एकच, बसले असतील, नुसते बसले असतील. मग एक गाडी उलटली, सगळे “सिक्स! सिक्स!” करून ओरडायला लागले, आणि मी तिच्याकडे न बघता कठड्याखालून वाकून पळाले.

हे खुर्चीत एका बाजूला कलले होते. कपाळ थंडगार आणि ओलं. डोळे उघडे, पण माझ्याकडे बघत नव्हते. शेजारच्या टेबलावर कुणाचा तरी उसाच्या रसाचा ग्लास होता. न विचारता उचलला आणि ह्यांच्या ओठांना लावला. “प्या. अहो, गिळा. गिळा ना!” अर्धा रस शर्टावर सांडला. मी रडत होते का, आठवत नाही. खिळल्यासारखी एकटक ह्यांच्या गळ्याकडे बघत होते. एकदा हलला. परत हलला.

बऱ्याच वेळानं हे म्हणाले, “तिथे कोण आहे? सहाव्या वळणावर?”

“कोणी नाही.”

तेवढ्यात माइकवर ह्यांचा नंबर पुकारला. तिसरी फेरी रद्द. मग माइकवाला मुलगा स्वतः आला, ह्यांचा चेहरा बघून वरमला. “अंकल, फोर्थ राउंड स्टिल कॅन. यू वॉन्ट?”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून नाही म्हटलं. आता भांडतील, रिमोट आपटतील, असं मला वाटलं. काही नाही. गाडी फडक्यानं पुसली, पेटीत ठेवली, झाकण लावलं. चाळीस वर्षांच्या संसारात ह्यांनी माझं असं मुकाट्यानं कधी ऐकलं नव्हतं. उडत्या गाडीची नव्हती वाटली एवढी भीती मला त्या झाकणाच्या आवाजाची वाटली.

डॉक्टरकडे जाताना टॅक्सीत हे गप्पच. मी हात धरून बसले होते, बोटं गरम आहेत का ते चाचपत. शेवटी मुद्दाम खोडी काढली. “दुसऱ्या फेरीत त्या उडीवर तुम्हीच चुकलात.”

“मी चुकलो?” हे ताडकन माझ्याकडे वळले. “टायर घसरला! आणि गाडी उलट्या तोंडानं ठेवणारीनं मला शिकवू नये.”

म्हणजे ते ह्यांनी बघितलं होतं. मग दवाखान्यापर्यंत हे टायरबद्दल बोलत राहिले, आणि मी मधूनमधून मुद्दाम चूक काढत राहिले.