बाबांनी इटलीत फक्त लाद्या बघितल्या

गेल्या शनिवारी सकाळी, मिलानपासून दोन तासांवरच्या एका छोट्या गावात, माझे बाबा चर्चमध्ये उकिडवे बसून जमीन ठोकत होते... आणि मला धरणीने पोटात घ्यावं म्हणून मी देवाची प्रार्थना करत होते.

मी आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे, एका सेमिस्टरसाठी इथे आलेय. आईला विमानाची धास्ती, त्यामुळे बाबा मुंबईतल्या नाहूरहून एकटेच आले. दहा दिवस, आणि अर्धी बॅग खाऊची.

मी किती प्लॅनिंग केलं होतं! फ्लॉरेन्सला त्या प्रचंड घुमटाखाली नेऊन उभं केलं... सगळं जग माना वर करून बघतंय आणि आमचे बाबा खाली बघतायत. व्हेनिसला एका महालात शिरलो तर म्हणाले, "अगो, ही तर आपली मोझॅक! घाटकोपरला कितीतरी घरांतली मी उखडून टाकलीय." मी म्हटलं, बाबा, प्लीज छत बघ. बघितलं. दोन सेकंद.

बाबा तीस वर्षं मुलुंड-घाटकोपरच्या फ्लॅट्समध्ये लाद्या बसवतात. बसवलेली लादी किल्लीने ठोकून बघायची त्यांना सवय... आवाज खणखणीत आला तर ठीक, बद्द आला तर खाली पोकळ. कोणाकडे पाहुणे म्हणून गेलो तरी चहा येईपर्यंत यांच्या दोन-चार लाद्या वाजवून झालेल्या असतात.

पण हे चर्च म्हणजे माझ्यासाठी फिरायची जागा नव्हती. फायनल सबमिशनला मला त्याचा प्लॅन द्यायचा होता, स्वतः मोजून काढलेला. सहा ईमेल केल्यावर परवानगी मिळाली होती... एकच दिवस, दहा ते बारा, कशालाही हात लावायचा नाही.

प्रोजेक्टमधली माझी पार्टनर तापाने आडवी. म्हणून टेपचं दुसरं टोक धरायला बाबा. "फक्त टोक धरायचं," असं ट्रेनमध्ये तीनदा बजावलं होतं.

अर्धा तास धरलं. मी आकडे लिहायला वळले आणि मागून... टक. टक. टक. ठप्प.

चर्चच्या किल्ल्या सांभाळणारे एक आजोबा तिथे होते, ते तरातरा आले. चेहरा लालबुंद. टेप गुंडाळून माझ्या हातात कोंबली आणि दरवाजाकडे बोट दाखवलं. अर्धा प्लॅन बाकी, परवानगी पुन्हा मिळणार नाही... सेमिस्टरची वाट लागली!

मी बाबांवर ओरडलेच. "तुला कळत नाही का रे बाबा? हे काय नाहूरचं घर आहे?"

बाबा गंभीर झाले की मालवणीवर येतात. म्हणाले, "पोकळ आसा गो हय. कोणतरी पडात."

आजोबांनी विचारलं, हा माणूस कोण? करतोय काय? मी माझ्या तोडक्यामोडक्या इटालियनमध्ये सांगितलं, माझे वडील आहेत... इंजिनिअर आहेत.

का म्हटलं तसं? वाटलं, इंजिनिअरने ठोकलं तर जरा बरं दिसेल. पण इटालियनमध्येही तो शब्द जवळपास आपल्यासारखाच आहे, बाबांना लगेच कळला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावले असते तर परवडलं असतं.

"खरां सांग गो तेंका," ते हळूच म्हणाले. "लादये बसयतंय म्हणान सांग."

सांगितलं. आजोबांनी बाबांचा हात हातात घेतला, सिमेंटने खाल्लेली नखं बघितली. मग स्वतः कसेबसे गुडघ्यांवर बसले आणि आपल्या भल्यामोठ्या किल्लीने तिथेच ठोकलं. टक. टक. ठप्प. बाबांनी मान डोलावली. आजोबांनी दोन खुर्च्या आणून तो कोपरा अडवला आणि मला खुणेने सांगितलं, चालू दे तुझं.

बारा वाजले तरी कोणी हाकललं नाही, तीनपर्यंत थांबू दिलं. छान झालं ना? अजिबात नाही! टेप कोण धरणार? हे दोघं एकमेकांचा एक शब्द कळत नसताना अख्ख्या चर्चची जमीन ठोकत फिरले, आणि मी टेपच्या टोकावर बूट ठेवून एकटीने मोजमाप घेतलं.

परतीच्या ट्रेनमध्ये मात्र डोक्यात एकच चालू होतं. कॉलेजच्या प्रत्येक फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायासमोर मी 'बिझनेस' लिहीत आलेय. खाली सही बाबांचीच असते. म्हणजे त्यांना माहीत होतं... आणि ते कधी चकार शब्द बोलले नाहीत. मला माझी इतकी लाज वाटली. सॉरी म्हणायला वळले, तर ते खिडकीला डोकं टेकून घोरत होते.

बाबा मंगळवारी नाहूरला परत गेले. आज प्लॅन पूर्ण झाला. खाली कोपऱ्यात मोजमाप घेणाऱ्यांची नावं लिहायची असतात. माझं लिहिलं, त्याखाली बाबांचं लिहिलं, आणि त्यांच्या नावापुढे ठळक अक्षरांत, 'लादी कारागीर, नाहूर'.

फोटो काढून बाबांना पाठवला. मला वाटलं, गहिवरतील वगैरे. पाच मिनिटांत फोन आला... दरवाजाकडून तिसऱ्या ओळीत एक लादी कमी काढलीयस.

मी चर्चमध्ये काढलेल्या फोटोत मोजल्या. खरंच कमी होती! डोकं फिरलं माझं. म्हटलं, बाबा, उद्या सकाळी सबमिशन आहे, एका लादीने काय होतंय, कोण बघणार आहे?

"खाली माझा नाव आसा ना?" बाबा म्हणाले. "मग नीट कर."

करतेय.