माग बंद करायची खूण

फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षी मी हृदयविकाराच्या पेपरात नापास झाले आणि त्या विषयाची धास्तीच बसली. दुसऱ्यांदा घोकून पास झाले खरी, पण झटका येऊन गेलेल्या माणसाला आपल्या हातानं चालवायचं म्हटलं की मी मागं सरायचे. इंटर्नशिपच्या नेमणुका लागायच्या आधी मार्कंडेयाच्या देवळात नारळ ठेवून मी अगदी स्पष्ट मागितलं, देवा, हृदयाचा वॉर्ड सोडून कुठलाही दे. दोन दिवसांनी यादी लागली आणि मला नेमका तोच वॉर्ड मिळाला. मी देवावर रुसले. आई सांगून थकली, पण देवळाची पायरी चढले नाही.

वॉर्डात भवानी पेठेतले एक मामा होते. जन्म यंत्रमागावर गेलेला. अँजिओप्लास्टी होऊन चौथा दिवस होता आणि त्यांना व्हरांड्यात थोडं थोडं चालवायचं काम माझ्याकडे आलं. नाडी वाढू न देणारी गोळी त्यांना चालू होती. अशा पेशंटचा नाडीचा आकडा शांत दिसला तरी भुलायचं नाही, माणसाकडे बघायचं, हे मॅडमनी शंभरदा बजावलेलं. याच प्रश्नाला तर मी आधी गोते खाल्ले होते. तरीही त्या सकाळी माझे डोळे त्यांच्या बोटाला लावलेल्या यंत्रावरच खिळलेले. आकडा छान होता. त्रास होतोय का, असं विचारलं, तर मामा काहीच बोलले नाहीत. कमी बोलणारा माणूस आहे, असं समजून मी त्यांना आणखी पुढं नेलं.

"ताई, बसवा की त्यांना. माग बंद करा म्हणायलेत ते."

बाकावर डबा घेऊन बसलेली एक बाई उठून आली होती. तेव्हा कुठं मी मामांचा दुसरा हात पाहिला. बोलायला दम पुरत नव्हता, म्हणून पंजा आडवा धरून ते तो पुन्हा पुन्हा खाली दाबत होते. मागांच्या खडखडाटात हाक ऐकू जात नाही, म्हणून कामगार माग थांबवायला ही खूण करतात. माझे वडीलही माग चालवतात. घरात टीव्ही बंद करायलासुद्धा ते हीच खूण करतात. ती बघत मी लहानाची मोठी झाले, आणि मलाच ती दिसली नव्हती.

आम्ही दोघींनी मामांना धरून बसवलं. कपाळ घामानं भिजलेलं, ओठ पांढरे पडलेले. सिस्टर धावल्या, डॉक्टर आले, ईसीजी काढला. उघडलेली रक्तवाहिनी पुन्हा बंद होत होती. वेळेत कळलं म्हणून त्यांना लगेच आत नेऊन ती परत उघडता आली आणि मामा वाचले.

ती बाई अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात कामाला होती. तिची भावजय खालच्या मजल्यावर बाळंतीण झालेली. मजला चुकून ती वर आली आणि जरा दम खायला बाकावर टेकली, एवढंच. तिचं नाव विचारायचं राहून गेलं. याला चमत्कार म्हणावं की नाही, मला कळत नाही. त्या संध्याकाळी मात्र मी देवळात गेले आणि खूप रडले. काही मागावंसं वाटलं नाही. वॉर्ड कुठला द्यायचा ते त्याचं त्यानं ठरवावं, मी समोरच्या माणसाकडे नीट बघावं, एवढंच मनात आलं.

मामांना घरी सोडायच्या आदल्या दिवशी आम्ही पुन्हा त्याच व्हरांड्यात चाललो. निम्म्यावर त्यांनी पंजा आडवा धरून खाली दाबला. मी तिथंच थांबले, त्यांना खुर्चीत बसवलं आणि घाबरून विचारलं, काय होतंय मामा?

"काय न्हाय गं," ते हसत म्हणाले. "तुजं ध्यान हाय का, तेवढं बघितलं."