वडिलांची जीप आणि अण्णांचं अर्थिंग

मंडळी, काळ्या इन्सुलेशन टेपचं टोक नखाला सापडत नाही, हा माणसावर होणारा उघड अन्याय आहे आणि त्यावर कुणी आवाज उठवत नाही. आज सकाळचा अर्धा तास माझा त्यातच गेला.

वडिलांच्या जुन्या जीपमध्ये मी एका कारचं इंजिन बसवलंय. दोन महिने वायरी जोडतोय. आज ती सुरू झाली नाही तर भंगारात जाणार, असं घरात ठरलं होतं, कारण ती उभी आहे त्या शेडमध्ये सोयाबीन ठेवायचंय. मेव्हणा भंगारवाल्याला घेऊनच आला. "दाजी, नाद सोडा आता. लई झालं."

चावी फिरवली. नुसतं टिक.

शेजारचे विठ्ठलअण्णा बोअरच्या मोटारींचं रिवायंडिंग करतात. तेही बघायला आले होते. म्हणाले, "अर्थिंग बघितलं का?"

"अण्णा, ही गाडी हाय, बोअरची मोटार न्हाय!" मी सगळ्यांदेखत म्हणालो. अण्णा घरी निघून गेले.

भंगारवाला वजनाचा अंदाज घेऊ लागला, तेव्हा माझी ट्यूब पेटली. चासी मी हौसेनं रंगवली होती आणि अर्थिंगची वायर त्या रंगावरच आवळली होती; रंगातून करंट जाणार कसा? रंग खरवडला, चावी फिरवली, आणि इंजिन असं गरजलं की भंगारवाला दोन पावलं मागं सरला.

घरच्यांना सांगून टाकलं, जीप शेडमध्येच राहील. सोयाबीन माझ्या बैठकीत ठेवा, मी पाहुण्यांना जीपमध्ये बसवीन.

मग जीप अण्णांच्या दारात नेली. "चला अण्णा, पुढं बसा."

"अर्थिंगच व्हतं ना?"

"व्हय अण्णा."

सगळ्यांदेखत बोललो होतो, म्हणून माझी चूकही इथं सगळ्यांदेखत लिहिली.