खारीच्या डब्यातली निवडणूक

आठवीतली सुलभा वर्गमंत्री व्हायला उभी राहणार होती, म्हणून मी कोल्हापूरला गेले. गोष्ट ऐंशीच्या आसपासची. आजऱ्याजवळच्या आमच्या शाळेत वर्गमंत्री मुख्याध्यापकच नेमत. मुलांना मतदान करू द्या म्हणून मी, नागरिकशास्त्राची बाई, दरवर्षी त्यांच्या मागे लागायचे. त्या वर्षी ते म्हणाले, "कोल्हापूरला लोकशाही शिक्षणाचं शिबिर आहे. तिथे दाखवतील तसं इथे करू." मी त्याच संध्याकाळी पिशवी भरली.

सकाळची एस.टी. उत्तूर, निपाणी, कागल करत जायची. तुम्ही जाणार असाल तर डावीकडची खिडकी धरा, उजवीकडे ऊन भाजून काढतं. शेजारच्या आजोबांना मी शिबिराचं सांगितलं.

"लोकशाही व्हय? आमच्या गावात लई हाय," ते अभिमानाने म्हणाले. "पंधरा वर्सं मत टाकाय लागलं न्हाय. सगळं बिनविरोध."

मला हसू आलं. तेव्हा येत होतं.

शिबिर पाच दिवसांचं. राहणं वसतिगृहात, सतरंजीवर. माझ्या शेजारी हुपरीच्या मंदाबाई होत्या, चांदीकाम करणाऱ्या घरातल्या, बोलायला फटकळ. पहाटे आम्ही गंगावेशीला जाऊन समोर काढलेलं म्हशीचं धारोष्ण दूध प्यायचो. तेवढं मात्र चुकवू नका. मिसळ खाऊन डोळ्यांत पाणी आलं आणि रंकाळ्यावर वारा खाल्ला. दिवसभर मात्र शिबिर घेणाऱ्या शिक्षणखात्याच्या साहेबांची भाषणं. आम्ही जांभया गिळत लिहून घ्यायचो.

चौथ्या दिवशी शिबिरप्रमुखाची नमुना निवडणूक होती, मी वाट पाहत होते ती. कँटीनवाल्याकडून खारीचा रिकामा डबा आणून झाकणाला खाच पाडली. मतपत्रिका कापल्या. एक वयस्कर मुख्याध्यापक उभे राहिले, आणि समोर मंदाबाई.

चहाच्या सुट्टीत सगळे मंदाबाईंभोवती गोळा झाले. वडीलधाऱ्या माणसासमोर उभं राहतात का? कशाला वाईटपणा घेता? मी साहेबांना गाठलं. "साहेब, मतदान होऊ द्या. नमुनाच तर आहे."

"बाई, नमुना आहे म्हणूनच चांगला हवा," ते शांतपणे म्हणाले. "भांडणं काय दाखवायची?"

मंदाबाईंनी माघार घेतली. टाळ्या झाल्या, हार आले, फोटो निघाला. मंदाबाई खाली बघत मला म्हणाल्या, "मला ह्याच लोकांत नोकरी करायची हाय, बाई." त्यांच्यावर रागावता येईना. राग कुणावर काढावा तेच कळेना.

कँटीनवाला डबा न्यायला आला. "भोक पाडलंसा की ओ! आता खारी मऊ पडंल ह्यात." मग मीच तो डबा मागून घेतला. कोरा डबा मांडीवर घेऊन परत आले.

शाळेत मी डबा मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवून सगळं सांगितलं. माघारीचं गाळलं असतं तर बरं झालं असतं, पण गाळूनही उपयोग नव्हता; शिबिराचा अहवाल माझ्याआधीच पोहोचला होता: निवडणूक खेळीमेळीत, बिनविरोध. मुख्याध्यापक खूश झाले. सुलभासमोर संस्थेच्या सेक्रेटरींचा नातू उभा होता. मुख्याध्यापकांनी तिला ऑफिसात बोलावून घेतलं.

मी दाराशी थांबले होते. ती हसतच बाहेर आली. "बाई, मी माघार घेतली. सर म्हणाले, मोठ्या शिक्षकांचंपण असंच असतं. तुम्ही बघून आलाय की."

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर नातवाचं नाव जाहीर झालं. सगळ्यांत जोरात टाळ्या सुलभाच वाजवत होती.

कोल्हापूरला त्यानंतर कितीदा गेले. गंगावेशीचं दूध अजून तसंच फेसाळ आहे, जरूर जा. तो डबा माझ्या माळ्यावर आहे. त्यात एकही चिठ्ठी कधी पडली नाही, आणि सुलभाला मी त्या दिवशी काय सांगायला हवं होतं, ते मला अजून सुचलेलं नाही.