बिनविषाची नळी

रक्तातल्या टी-पेशी एरवी मोठ्या शहाण्या. परकं काही शरीरात शिरलं की त्यातल्या मोजक्याच ते ओळखून भिडतात, बाकीच्या गप्प बसतात. पण गळवातल्या जिवाणूंचं विष त्यांच्या नळीत थेंबभर टाकलं की झुंडच खवळते. पेशी फुगतात, एकीच्या दोन होतात. ऐंशीच्या सुमारास नागपुरात मी हेच सूक्ष्मदर्शकाखाली मोजत होते. सोबत एक बिनविषाची नळी ठेवायची. तिच्यातल्या पेशी शांत राहिल्या तरच बाकीचं खरं.

त्या नळीतलं रक्त आमच्या प्रयोगशाळेतल्या काकांचं असे. काचसामान धुणं हे त्यांचं काम आणि त्याचा त्यांना भारी अभिमान. पिपेट रात्रभर तेजाबात बुडवायच्या, सकाळी दहा पाण्यांतून काढायच्या. नऊ चालायची नाहीत. मी त्यांना चिडवायचे, "काका, रुखवताची भांडी नाहीत ती!"

एका दुपारी मला मैत्रिणींबरोबर सिनेमाला पळायचं होतं. विष ओढलेल्या पिपेट मी तासाभरातच तेजाबातून काढल्या.

"मॅडम, काहून घाई करून राहिल्या? राहू द्या ना, सकाळी मीच धुवून देतो तुमाले," काका म्हणाले.

"वाफेच्या भट्टीत सगळं मरतं हो," मी झटकून टाकलं. पदवी माझ्याकडे होती ना! जिवाणू मरतात, पण विष मुळात जिवंतच नसतं, आणि हे तर उकळूनही टिकणारं. परीक्षेत मीच ते लिहून आले होते.

त्याच पिपेटांनी दुसऱ्या दिवशी नळ्या भरल्या. तीन दिवसांनी बिनविषाच्या नळीतल्या पेशीही खवळलेल्या. सर भडकले. "काच नीट धुतली जात नाही इथे!" काका समोरच उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. 'सर, ते मी केलं' एवढंच मला म्हणायचं होतं. मी वहीत डोकं खुपसलं. प्रबंधाची भीती होती, सरांची होती, पण खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त भीती माझं हसं होण्याची होती. आजही ते आठवलं की कानशिलं तापतात.

काकांना प्राणीघरात धाडलं, सशांचे पिंजरे साफ करायला. जाण्याआधी त्यांनी नव्या माणसाला दहा पाण्यांचा हिशेब नीट समजावून दिला. माझ्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी प्रयोग पुन्हा मांडला. पिपेट या वेळी मीच रात्रभर बुडवल्या होत्या. आता रक्त कोणाचं घ्यावं, या विचारात बसले होते, तेवढ्यात काका दारात आले. बाही वर दुमडलेली.

"काहून मॅडम, माह्यं रक्त बी चालत नाही का आता?"

माझी मान वर होईना. खोलीत आम्ही दोघंच होतो. माफी तेव्हा मागता आली असती. मी रक्त घेऊन सुई काढली आणि म्हटलं, "कापूस दाबून धरा."

तीन दिवसांनी त्यांची नळी अगदी शांत होती. सरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि खूश झाले. "बघितलंस? माणूस बदलला, काम सुधारलं."

"हो सर," मी म्हणाले.